लॅपटॉपचा प्रोसेसर : बदलण्यापूर्वी आणि बदलल्यानंतर

आज आपल्या पुष्कळ घरांत एखादा जुना लॅपटॉप असतो. कुणी तो कार्यालयाच्या लिलावातून घेतलेला असतो, कुणाला थोरल्या भावाकडून मिळालेला असतो. तो मंद चालू लागला की कुणीतरी सल्ला देतो, “प्रोसेसर बदला, नव्यासारखा होईल.” विद्यार्थी शिष्यवृत्तीतून वाचवलेले पैसे खर्च करतो आणि कधी कधी त्यानंतर पडद्यावर काहीच उमटत नाही. परीक्षेच्या तोंडावर पैसेही जातात आणि यंत्रही. थोडी माहिती असेल तर हे नुकसान टळते. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर व बँकेतील कारकून आहे. त्यामुळे शास्त्रीय परिभाषेत न शिरता हा विषय सोप्या शब्दांत मांडत आहे.

प्रथम दुखणे ओळखा

लॅपटॉप म्हणजे एक छोटे कार्यालय समजा. प्रोसेसर हा त्यातील कारकून, रॅम हे त्याचे टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे फायलींचे कपाट. टेबल लहान असेल, किंवा कपाटातून फाईल काढायलाच वेळ लागत असेल, तर कारकून कितीही हुशार आणला तरी काम उरकणार नाही.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. काम मंदावते त्या वेळी डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर अडकला असेल, तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी. मेमरी भरलेली दिसली तर रॅम वाढवावी. या दोन्ही गोष्टी ठीक असून सीपीयूचाच आकडा सतत १०० टक्क्यांजवळ राहत असेल, तरच प्रोसेसरचा विचार करावा. बहुतेक जुन्या लॅपटॉपचे दुखणे पहिल्या दोन उपायांतच बरे होते.

खरेदीपूर्वीचे चार प्रश्न

१) प्रोसेसर निघतो का? काही लॅपटॉपमध्ये प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवलेला असतो, तर काहींत तो मदरबोर्डवर डाख देऊन, म्हणजे सोल्डर करून, कायमचा जोडलेला असतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘यू’ हे अक्षर असते, ते सोल्डर केलेलेच असतात. ‘एम’ असेल तर सॉकेटची शक्यता असते, परंतु खात्री करून घ्यावी. थिंकपॅड टी-४४०पी मध्ये प्रोसेसर निघतो. केवळ ‘पी’ नसलेल्या टी-४४० मध्ये निघत नाही. पाचव्या पिढीपासून पुढे इंटेलचे लॅपटॉपसाठीचे प्रोसेसर सोल्डर केलेलेच येतात. तेथे हा विषय संपला.

२) सॉकेट तोच आहे का? केवळ पिना मोजून चालत नाही. २००६ चा सॉकेट एम आणि २००७ चा सॉकेट पी, या दोहोंना ४७८ पिनाच आहेत. पण त्यांची रचना निराळी असल्याने एकाचा प्रोसेसर दुसऱ्यास चालत नाही.

३) बायोस त्या प्रोसेसरला ओळखतो का? लॅपटॉप सुरू होताच सर्वांत आधी चालणारी आज्ञावली म्हणजे बायोस. सॉकेट जुळला तरी बायोसकडे नव्या प्रोसेसरची माहिती नसेल, तर यंत्र सुरूच होत नाही. २०११ चा थिंकपॅड टी-४२० आणि २०१२ चा टी-४३० यांचा सॉकेट एकच आहे. तरीही टी-४३० मधील तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर टी-४२० च्या मूळ बायोसवर चालत नाही. यासाठी सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे आपल्याच मॉडेलमध्ये कंपनीने जे प्रोसेसर बसवून विकले, त्यांपैकीच एक निवडणे. ही यादी कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत मिळते.

४) उष्णता झेपेल का? प्रत्येक प्रोसेसरची उष्णता वॅटमध्ये दिलेली असते. कोअर आय-३ २३१०एम आणि आय-५ २५२०एम हे दोन्ही ३५ वॅटचे असल्याने असा बदल सहज पेलतो. चार कोअरचा आय-७ २६३०क्यूएम मात्र ४५ वॅटचा आहे. लहान पंखा व बारीक तांब्याची नळी असलेल्या लॅपटॉपमध्ये तो तापून आपला वेग स्वतःच कमी करतो. मग जादा पैसे वायाच गेले म्हणायचे.

बदलताना

बायोसची सुधारित आवृत्ती घालायची असेल तर ती जुना प्रोसेसर असतानाच घालावी. नंतर अडॅप्टर व बॅटरी काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे. सॉकेटवरील स्क्रू अर्धा फिरवला की प्रोसेसर मोकळा होतो. कोपऱ्यावरील त्रिकोणी खूण जुळवून नवा प्रोसेसर अलगद ठेवावा. जोर मुळीच देऊ नये. जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी थोडीशीच लावावी आणि स्क्रू बोर्डावर लिहिलेल्या क्रमाने आवळावेत.

अडचण आल्यास

पंखा फिरतो पण पडदा काळाच राहिला, तर घाबरू नये. सॉकेटचा स्क्रू बंद केला आहे का ते पाहावे, रॅम काढून पुन्हा बसवावी. तरीही काही न दिसल्यास जुना प्रोसेसर परत बसवावा. त्यावर यंत्र सुरू झाले तर बोर्ड शाबूत आहे. दोष नव्या प्रोसेसरचा किंवा बायोसशी न जुळण्याचा आहे. म्हणूनच जुना प्रोसेसर लगेच विकू नये आणि नवा घेताना परत घेण्याची हमी बिलावर लिहून घ्यावी.

काही मिनिटांत यंत्र आपोआप बंद पडत असेल, तर पंख्याची वायर जोडायची राहिली आहे किंवा उष्णता वाहून नेणारी पट्टी नीट टेकलेली नाही असे समजावे. वेग वाढलाच नसेल, तर तापमान पाहावे व अडॅप्टर पुरेशा वॅटचा आहे ना, हे तपासावे.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-सेवा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. सॉकेटचे लॅपटॉप चौथ्या पिढीशीच थांबले. त्यामुळे प्रोसेसर बदलून विंडोज ११ ची पात्रता मिळत नाही. अशा यंत्रावर लिनक्स ही मोफत प्रणाली घालून लेखन, वाचन व अभ्यास उत्तम होतो.

विद्यार्थी मित्रांनो, दुकानात जाण्यापूर्वी मॉडेल, प्रोसेसरचे पूर्ण नाव, सॉकेट, बायोसची आवृत्ती आणि वॅट एवढ्या पाच बाबी कागदावर लिहून न्या. ज्याच्या हातात हा कागद आहे, त्याला दुकानदार सहसा भलतीच वस्तू देऊ शकत नाही. कष्टाचा पैसा योग्य जागी खर्च व्हावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.