पीक्यूक्यू : जिवाणूंचा सहघटक आणि आपला विवेक

मध्यंतरी रनाळे येथील आमच्या चिकित्सालयात एक मधुमेही रुग्ण 'पीक्यूक्यू'च्या कॅप्सूलची बाटली घेऊन आले. मुंबईस नोकरी करणाऱ्या मुलाने ती पाठविली होती. "डॉक्टरसाहेब, हे रसायनच ना?" असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न साधा; परंतु द्रव्यपरीक्षणाशिवाय उत्तर देणे वैद्यास शोभणारे नाही.

पीक्यूक्यू म्हणजे पायरोलोक्विनोलिन क्विनोन. १९६४ मध्ये हाउगे यांना जिवाणूंच्या ग्लुकोज डिहायड्रोजिनेज या एन्झाइममध्ये एक अपरिचित सहघटक आढळला; १९७९ मध्ये त्याची रचना निश्चित झाली. परस्परांस जोडलेली तीन वलये, तीन आम्लगट व एक क्विनोन गट असे त्याचे स्वरूप आहे. हा क्विनोन गट दोन इलेक्ट्रॉन व दोन प्रोटॉन स्वीकारतो, ते पुढे सोपवितो आणि पूर्ववत होतो. शेतात वापरले जाणारे स्फुरद विरघळविणारे अनेक जिवाणू याच सहघटकाच्या साह्याने ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्ल तयार करतात व स्फुरद मोकळे करतात.

तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. एच. एस. मिश्रा व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये यावर महत्त्वाचे कार्य प्रसिद्ध केले. तीव्र किरणोत्सर्ग सहन करणाऱ्या डायनोकॉकस रेडिओड्युरन्स या जिवाणूचे पीक्यूक्यू निर्माण करणारे जनुक त्यांनी ई. कोलायमध्ये घातले. असे ई. कोलाय ऑक्सिजनच्या उग्र रूपांपासून अधिक सुरक्षित राहिले. हा पुरावा मोलाचा आहे; मात्र तो जिवाणूंविषयीचा आहे, रुग्णांविषयीचा नव्हे. मानवावरील चाचण्या अद्याप लहान आहेत. २००३ मध्ये जपानी संशोधकांनी हे जीवनसत्त्व असल्याचे मांडले. २००५ मध्ये त्या निष्कर्षास सबळ आक्षेप घेतला गेला. जीवनसत्त्व म्हणून त्यास मान्यता नाही.

मात्रेचाही विचार व्हावा. १९९५ मधील जपानी मापनानुसार पपईत हे द्रव्य ग्रॅममागे काही नॅनोग्रॅमच असते. युरोपीय संघाने पूरक आहारात दिवसाला २० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा घातली असून गर्भिणी व स्तनदा मातांना वगळले आहे. आपल्या जिल्ह्यात पिकणाऱ्या पपईतून तेवढी मात्रा मिळवायची तर शेकडो किलो फळे लागतील. 'फळातलेच तर आहे' हा युक्तिवाद म्हणूनच फसवा ठरतो.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी आणखी एक मुद्दा. रक्तशर्करा मोजण्याच्या काही पट्ट्यांतील एन्झाइमचा सहघटक पीक्यूक्यूच असे. त्या एन्झाइमला माल्टोज व ग्लुकोज यांतील भेद कळत नसे. आयकोडेक्स्ट्रिनयुक्त द्रवाने उदरपटल डायलिसिस घेणाऱ्या रुग्णांत शर्करा खोटी अधिक दिसे, इन्सुलिन जास्त दिले जाई. १९९७ ते २००९ या काळात अशा १३ मृत्यूंची नोंद अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे झाली. पट्टी देण्यापूर्वी माहितीपत्रकातील एन्झाइमचे नाव व निषिद्ध रुग्णांची यादी वाचावी. कॅप्सूलचा या धोक्याशी संबंध नाही. पण सहघटकाचा गुण माहीत असणे किती निकडीचे, हे यावरून कळते.

आम्ही त्या रुग्णांस सांगितले : हे रसायन नव्हे. रसायनास शोधन, अग्नी, वय व पथ्य यांचा विचार लागतो; ऑक्सिडेशन रोखणारे प्रत्येक द्रव्य त्या पदवीस पात्र होत नाही. चालू औषधे त्यांनी बंद करू नयेत आणि बाटली मूत्रपिंड व शर्करेची तपासणी होईपर्यंत बाजूस ठेवावी. नव्या द्रव्याचा तिरस्कार नको, तसेच त्यास आपल्या शास्त्राचा उसना मुलामाही नको, एवढेच आमचे नम्र निवेदन.