ब्लाऊजला माया ठेवा: सातव्या महिन्यातले कपडे, सासर आणि आपण

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा लेखी मजकूर. ऑडिओ ऐकायला रेंज नसेल तर वाचून काढा. बोलताना राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी इथे भरल्यात.)

इअरफोन लावलेत ना? लावा. आज ब्लाऊज, परकर आणि नाडी यांच्यावर बोलायचंय. एसटीत स्पीकरवर ऐकलंत तर शेजारची मावशी मध्येच तोंड घालून सल्ला देईल, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा तो सल्ला बरोबर असेल.

आधी माझी परिस्थिती सांगते. मी श्रीपूरला राहते. माळशिरस तालुक्यातलं, साखर कारखान्याचं गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली, तिचा कारखाना इथलाच. हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या, हंगाम संपला की सामसूम. वर्षापूर्वी मी आणि नवरा पुण्यात वन आरकेमध्ये राहत होतो. त्याला इकडे नोकरी लागली, आम्ही सासरी आलो आणि दोन महिन्यांत कळलं की मी गरोदर आहे. त्यात दिराचं लग्न ठरलं, म्हणून मागे एक खोली वाढवायचं काम निघालं. सिमेंटची पोती पडवीत, आमची गादी हॉलमध्ये आणि माझे कपडे जाऊबाईंच्या कपाटातल्या एका कप्प्यात. आता सातवा महिना सरत आलाय.

म्हणजे शरीर बदलतंय, घर बदलतंय आणि माणसंही बदललीत. पुण्यात मी काय घातलंय याची खबर फक्त आरशाला असायची. इथे सात माणसांना असते. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्या प्रेमळ आहेत, पण मी कुर्ता घालून बाहेर निघाले की हमखास म्हणतात, "अगं, ओढणी घे की पोटावर, नजर लागंल."

मी अकलूजला एमएस-सीआयटीचे क्लास घेते. पाचव्या महिन्यानंतर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कुणी मला "जाऊ नको" असं म्हणत नव्हतं, पण जुनं काहीच अंगाला बसत नव्हतं, नवीन घ्यायला "आता दोन-तीन महिन्यांसाठी कशाला खर्च" असं होतं, आणि उरत होता तो गाऊन. गाऊनवर क्लासला जाता येत नाही. म्हणजे कपड्यामुळेच घरात बसायची वेळ येणार होती! आजचा विषय स्टाईलचा आहे खरा, पण माझ्यासाठी स्टाईल म्हणजे उंबऱ्याबाहेर पडता येईल असं काहीतरी अंगावर असणं.

हा प्रश्न जुना आहे आणि जगभरचा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये लीना ब्रायंट नावाची लिथुआनियातून आलेली एक तरुण विधवा शिवणकाम करून पोट भरत होती. एका गरोदर गिऱ्हाइकाने तिला सांगितलं, घरात आरामाचा होईल पण चारचौघांतही घालता येईल असा झगा शिवून दे. लीनाने कंबरेला इलॅस्टिक लावलं, खाली चुण्यांचा घेर दिला. झगा चालला, गिऱ्हाइकं वाढली. पण वर्तमानपत्रं त्याची जाहिरात घेईनात, कारण गरोदर बाईबद्दल उघड छापायचं म्हणजे असभ्यपणा! शेवटी १९११ मध्ये न्यूयॉर्क हेरल्डने जाहिरात छापली आणि दुकानातला माल हातोहात संपला. बायकांना बाहेर पडायचं होतंच, अडलं होतं ते कपड्यावाचून. आपल्याकडे ऑगस्ट २०१६ मध्ये करीना कपूर गरोदर असताना लॅक्मे फॅशन वीकच्या रॅम्पवर सब्यसाचीच्या कपड्यांत चालली, तेव्हाही केवढी बातमी झाली होती, आठवतंय?

आता गंमत ऐका. आत्यांच्या सासूबाई, म्हणजे आमच्या मोठ्या आई, आजही नऊवारी नेसतात. मी त्यांना विचारलं, तुमच्या वेळी पोटुशी बाई काय घालायची? त्या म्हणाल्या, "लुगडंच की. गाठ जरा खाली मारायची नि खुरपायला जायचं."

मला हे भारी वाटलं. नऊवारीला परकर नाही, नाडी नाही. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास न शिवलेलं कापड, पोट वाढलं की गाठ सरकते आणि कासोटा पाय मोकळे ठेवतो. त्यात मॅटर्निटी साइझ नावाची भानगडच नाही. (खुरपायला जाणं ही हौस नव्हती, हेही खरंच. सातव्या-आठव्या महिन्यात वाकून काम करायला लागणं मी काही गोड करून सांगणार नाही.) पण मुद्दा असा की साडी आपल्याला अडवत नाही. अडवतात ते तिच्यासोबत आलेले दोन शिवलेले कपडे, ब्लाऊज आणि परकर.

ब्लाऊजपासून सुरू करू. शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला टेलर 'माया' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. लग्नातले ब्लाऊज उलटे करून बघा. बाजूच्या शिवणीत माया एक इंच असेल तर पाव इंच ठेवून पाऊण इंच सोडता येतं. पुढचा भाग, मागचा भाग, दोन्ही बाजू, म्हणजे चार वेळा पाऊण इंच. झाले की तीन इंच! तेवढ्यात माझे पाच ब्लाऊज परत अंगात आले, खर्च फक्त उसवण्या-शिवण्याचा. बाहीतली मायाही सोडायला सांगा, दंड भरतात तिथे काचतं. आणि नवा ब्लाऊज शिवणार असाल तर टेलरला स्पष्ट सांगा: माया दीड इंच, हुक पुढे, कापड सुती. अस्तर लावलेला, मागे बटणांचा, खोल गळ्याचा डिझायनर ब्लाऊज आत्ता शिवू नका. तो उसवायला गेलं की सगळं कामच बिघडतं. खणाचा ब्लाऊज हवा असेल तर काखेखाली साध्या सुती कापडाची पट्टी जोडून घ्या. खण ताठ असतो, सैल केला तरी ताणत नाही.

आतल्या कपड्यांबद्दल आपण बोलतच नाही, म्हणून पटकन सांगते. छातीचं माप सुरुवातीच्या महिन्यांतच बदलतं. जुनी ब्रा ओढून-ताणून घालण्यापेक्षा मागच्या हुकांना जोडायची छोटी पट्टी मिळते ती लावा, नाहीतर सुती, बिनतारेची एक माप मोठी घ्या. दोरीवर वाळत घालताना वरून टॉवेल टाकायचा की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरातला प्रश्न.

आता परकर. त्याचा घेर कमी पडत नाही, त्रास असतो नाडीचा. सुतळीएवढी बारीक नाडी, साडीचं सगळं वजन तिच्यावर आणि खाली ताणलेली, खाजणारी कातडी. वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या आणि बिहारमधल्या मधुबनी मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये बीएमजे केस रिपोर्ट्स या नियतकालिकात दोन वयस्कर बायकांबद्दल लिहिलं. वर्षानुवर्षं कंबरेला घट्ट बांधलेलं कापड एकाच जागी घासून जखम झाली आणि तिथे त्वचेचा कॅन्सर निघाला. घाबरू नका, ही कित्येक दशकांची गोष्ट आहे, नऊ महिन्यांची नाही. पण नाडी बदलायला एवढं कारण पुरे. नेफ्यातली नाडी ओढून काढा, तिथे दीड इंच रुंद, मऊ इलॅस्टिक घाला. नेफा अरुंद असेल तर वर नवी पट्टी शिवून मिळते. आणि परकर बांधायचा पोटाखाली, मधोमध नाही.

साडी नेसतानाही थोडा फरक करायचा. पोटावरून जाताना कापड जास्त लागतं, त्यामुळे पुढचा काठ वर उचलला जातो आणि मागे साडी लोळते. म्हणून निऱ्या पुढे इंचभर खाली सोडा, एक-दोन निऱ्या कमी घ्या आणि पोटाखालीच खोचा. पदर पिन केलेला बरा. इरकल मला फार आवडते, पण रेशमी काठापदराची जड वाटते. रोजच्याला मऊ सुती. सोलापूर जिल्ह्यातला उन्हाळा काय असतो ते मी सांगायला नको. पारा चाळीसच्या वर असताना सिंथेटिक साडी नेसून एसटीत बसलात तर उतरेपर्यंत घामोळं.

बरं, रोज साडी नेसायची असं मी म्हणत नाहीये. क्लासला मी जास्त वेळा कुर्तेच घालते. नवऱ्याचे दोन सुती शर्ट पळवलेत, बाह्या दुमडून, खाली सुती सलवार. आत्या आधी म्हणाल्या, "आता त्याचं कापडं बी घालती?" मग एकदा त्यांनीच त्यातल्या एकाला इस्त्री करून ठेवली. त्यावर आम्ही दोघीही काही बोललो नाही.

स्कूटीवर मागे बसत असाल तर ओढणी आणि पदर दोन्ही पुढे घेऊन पक्कं खोचा. चाकात अडकून होणारे अपघात आपल्या रस्त्यांवर नवीन नाहीत. मी तर आता एसटीच पकडते.

गाऊनला मी नावं ठेवतेय असं वाटलं असेल. तसं नाही. घरात गाऊनसारखं सुख नाही. आपल्या गावाकडे बायका पाहुणा आला की गाऊनवर टॉवेल टाकून दार उघडतात, तो तर आमचा राष्ट्रीय पोशाख आहे! फक्त त्याची लांबी बघा. पोट वाढलं की आपले पाय आपल्यालाच दिसत नाहीत. बादली घेऊन उठताना गाऊन पायाखाली आला की तोल गेलाच, आणि आमच्याकडे तर सध्या जिकडेतिकडे विटा. मी सगळे गाऊन घोट्याच्या वर तीन इंच करून घेतले.

तपासणीला मात्र गाऊन किंवा वनपीस नको. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात. तिथे पोट तपासणार, कधी सोनोग्राफी, दंडावर बीपीचा पट्टा. वनपीस असेल तर सगळाच वर घ्यावा लागतो, मग उगाच संकोच. वर-खाली वेगळे कपडे आणि सैल बाही असली की काम सोपं.

आणि हो, डोहाळजेवण! हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा, बर्फी की पेढा, सगळं झालं. (बर्फी-पेढ्याचा खेळ खेळापुरता ठेवा. खरं लिंग तपासणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे आमच्या एका पाहुण्यांना मला हसत हसत सांगावं लागलं.) साडी नवीन घेतली नाही, जाऊबाईंनी त्यांच्या डोहाळजेवणाची दिली, ब्लाऊज मात्र माझ्या मापाचा. त्यांनी स्वतःहून कपाटातून काढून दिली, म्हणून मला ती जास्त शोभली असं माझं मत.

चुडा भरताना एक सांगते, हे नीट ऐका. नेहमी दोन चारच्या बांगड्या बसत असतील तर आता दोन सहाच्या भरा. या दिवसांत हात-पाय थोडे सुजतात, संध्याकाळी चप्पल घट्ट होते, ते बऱ्याच जणींना होतं. पण अंगठी, बांगड्या अचानक एक-दोन दिवसांत रुतायला लागल्या, चेहरा सुजला, डोकं जोरात दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, नाहीतर बरगड्यांखाली पोटात दुखतंय, तर "पाणी धरलंय, होईल कमी" म्हणत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना, बीपी आणि लघवीची तपासणी. गरोदरपणात बीपी वाढण्याची ही लक्षणं असू शकतात आणि त्यात आईच्या आणि बाळाच्या जिवाला धोका असतो. अंगठी हल्ली मी काढूनच ठेवली आहे. मंगळसूत्र आहे, त्यावरून घरात कुणाचा वाद नाही.

नोकरी करणाऱ्यांसाठी एक ओळ: कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या तारखेआधी घेता येतात. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी हे लागू होतं. आमचा क्लास तेवढा मोठा नाही, म्हणून मी सरांशी बोलून तारीख ठरवली. तोवर जाणार.

पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे पुढच्या आठवड्यात माझं बोचकं पंढरपूरला हलेल. म्हणजे पुन्हा घर बदल, पुन्हा नवा कप्पा. बॅगेत तीन पुढे हुकवाले ब्लाऊज ठेवलेत, तेच दूध पाजताना चालतील, म्हणून सोडलेली माया लगेच आत घेणार नाही. दोन पुढे बटणांचे सुती गाऊन, आखूड केलेले. मागे पट्टा असलेल्या सपाट चपला. आणि मोठ्या आईंनी त्यांचं एक जुनं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं लुगडं दिलंय, दुपट्यांसाठी. कापून सहा होतील असं मला वाटलं होतं. त्यांनी हाताने मापून सांगितलं, आठ.

तुमच्या टेलरने माया ठेवली नसेल तर त्याला हा भाग पाठवा. भेटू, बहुतेक पंढरपूरहून.