लोड किती धरायचा?

मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या परीक्षेत मशीन डिझाइनचे गणित साधारण असे येते: शाफ्टवरून 20 किलोवॉट शक्ती 200 आरपीएमला न्यायची आहे, मटेरियल दिले आहे, सेफ्टी फॅक्टर दिला आहे, व्यास काढा. भांडारींचे पुस्तक आणि पीएसजी डेटा बुक जवळ असले की उत्तर निघते आणि ते साऱ्या वर्गाचे एकच असते. हे गणित आलेच पाहिजे. पण त्यात इंजिनिअरचे निम्मे काम पेपर काढणाऱ्याने आधीच उरकलेले असते. भार किती, यंत्र कोण वापरणार, मोडले तर कोणाला लागेल, हे ठरवण्याची पाळी विद्यार्थ्यावर येत नाही. खुल्या डिझाइन प्रश्नात ती येते.

असा एक प्रश्न: भाजीविक्रेत्याची हातगाडी एकट्याला चढावर रेटता यावी आणि उतारावर थांबवता यावी. प्रश्न एवढाच. गटाची पहिली शंका ठरलेली असते, ‘सर, लोड किती धरायचा?’ इथे शिक्षकाने ‘200 किलो धरा’ म्हटले की प्रश्न पुन्हा परीक्षेतल्या गणितासारखा होतो. आकडा मंडईत मिळतो आणि तो आणायला मुलांनाच जावे लागते. दांड्याला ताणकाटा अडकवून भरलेली गाडी ओढून पाहिली की कळते, सपाटीवर किती जोर लागतो. विक्रेत्याशी बोलले की आणखी कळते: गाडी हेच त्याचे दुकान आहे, ती दिवसभर उभी राहते, गिऱ्हाइकासाठी पावलोपावली थांबते. म्हणजे ब्रेक उताराइतकाच थांब्यासाठीही हवा.

मग हिशेब. गाडीसकट वजन 200 किलो आणि दहास एक असा चढ धरला, तर नुसत्या चढामुळे सुमारे 195 न्यूटन, म्हणजे 20 किलोचा जोर लागतो. खराब रस्त्याचा अडथळा त्यावर वेगळा. चाकावरच्या भाराचा प्रश्न याहून शिकवणारा आहे. चार चाके, म्हणून प्रत्येकी 50 किलो, असे बहुतेक वह्या सांगतात. पण चार चाकांची ताठ गाडी खड्ड्याखोबऱ्यात चारही पायांवर उभी नसते. वाईट क्षणी ती समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर तोलली जाते आणि एकेका चाकावर 100 किलो येतात. चाक चासीपासून 60 मिलिमीटर बाहेर असेल आणि धक्क्यासाठी भार दुप्पट धरला, तर 20 मिलिमीटरच्या आसात सुमारे 150 मेगापास्कल ताण येतो. साध्या माइल्ड स्टीलची यील्ड मर्यादा 250च्या आसपास. आस 25चा केला की ताण निम्म्यावर येतो, पण त्याबरोबर बेअरिंग 6204ऐवजी 6205 घ्यावे लागते. असा एक आकडा बदलला की दुसरा हलतो, हे इथे हाताला कळते.

ब्रेकसाठी प्रत्येक गट वेगळी वाट धरतो. दाबला की लागणारा ब्रेक बनवायला सोपा. दांडा सोडला की आपोआप लागणारा कठीण, पण गाडी हातातून सुटली तर तोच माणसे वाचवतो. वजन, खर्च, दुरुस्ती, सुरक्षितता असे निकष तक्त्यात मांडून पर्याय तोलण्याची पद्धत स्टुअर्ट प्यू यांनी रूढ केली. तक्ता निवड करून देत नाही. कोणत्या निकषाला किती वजन द्यायचे, यावरून गटात जे भांडण होते, तेच खरे शिक्षण. पुढे वर्कशॉपमध्ये वेल्डिंगच्या उष्णतेने चासी पिळते, आस काटकोनात राहत नाही, चाक एका बाजूला ओढते. ड्रॉइंगवर न दिसलेली ही गोष्ट तिथे दिसते.

या शिक्षणपद्धतीचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतील एमआयटीचे. तिथल्या 2.70 या क्रमांकाच्या विषयात वूडी फ्लॉवर्स यांनी 1970च्या दशकात विद्यार्थ्यांना सारख्याच किरकोळ साहित्याचा संच देऊन यंत्रे बनवायला लावली. शेवटी यंत्रांची समोरासमोर स्पर्धा. डीन केमन यांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ संस्थेची 1992 पासूनची शालेय रोबो स्पर्धा याच मुशीतली. आशिया-पॅसिफिकमधील रोबोकॉन ही रोबो स्पर्धा 2008 मध्ये पुण्यात झाली तेव्हा तिचा विषय ‘गोविंदा’, म्हणजे दहीहंडी होता.

गुण देताना गाडी चालली की नाही, याला थोडे वजन असावे. निर्णयांच्या वहीला जास्त. कोणता आकडा कुठून आणला, कोणता पर्याय का सोडला, हे वहीत तारखेसह हवे. आस वाकला, पण का वाकला हे ज्या गटाने मोजून सांगितले, तो गट पास.

या कामात शिक्षकाचा वेळ फार जातो. साठ मुलांच्या वर्गात बारा ते पंधरा गट होतात. प्रत्येकाला आठवड्याला पंधरा मिनिटे दिली तरी किमान तीन तास जातात. हे तास वेळापत्रकात राखून ठेवणे कॉलेजचे काम आहे. ते ठेवले नाहीत, तर तयार प्रोजेक्ट विकणाऱ्या दुकानातून रंगवलेली गाडी वर्गात येते आणि तिचा लोड कोणालाच सांगता येत नाही.