बारमाही सर्दीचा माग

दिवाळीच्या साफसफाईला माळ्यावरचे डबे आणि जुन्या गोधड्या खाली उतरल्या की घरातला एक जण हमखास शिंकू लागतो. एकामागून एक आठ-दहा शिंका, नाकाला धार, डोळ्यांना आणि टाळूला खाज; तापाचा मात्र पत्ता नाही. दोन तासांनी माणूस ठीक होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठल्याबरोबर पुन्हा तेच. ‘याचा सर्दीचाच कोठा आहे’ असं म्हणून घरचे विषय संपवतात, कोपऱ्यावरचा औषधवाला एक गोळी देतो आणि वर्षं निघून जातात. वैद्यकात याला ॲलर्जिक ऱ्हायनायटिस म्हणतात, साध्या भाषेत नाकाची ॲलर्जी. ती जिवावर बेतत नाही, म्हणून तिच्याकडे कुणी नीट बघत नाही. पण ती झोप मोडते, अभ्यास बिघडवते आणि जोडीला दमा असेल तर तो आटोक्यात येऊ देत नाही.

या आजारावर दोनशे वर्षं संशोधन चालू आहे. ते वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. आजाराचा माग लागला तो आधी रुग्णाची हकीकत बारकाईने ऐकणाऱ्यांना. चाचणीने त्या हकीकतीची पडताळणी केली. आज आपल्याकडे हा क्रम उलटत चालला आहे. आधी शेकडो घटकांच्या तपासणीचा कागद येतो आणि मग त्यात बसेल असा आजार शोधला जातो. त्याचा फटका रुग्णांना बसतो, म्हणून हा सगळा प्रवास मुळापासून सांगायला हवा.

१८१९ मध्ये जॉन बोस्टॉक या डॉक्टरने लंडनच्या वैद्यक सभेपुढे एका रुग्णाची हकीकत वाचली. लहानपणापासून दर जूनमध्ये डोळे लाल होतात, शिंका येतात, छाती आवळते. तो रुग्ण म्हणजे बोस्टॉक स्वतः होता. त्यानंतर नऊ वर्षं खटपट करून त्याने असे आणखी रुग्ण जमवले, ते भरले जेमतेम अठ्ठावीस. कारण मात्र त्याला सापडलं नाही. त्याचा संशय उन्हाळ्याच्या उष्म्यावर होता.

कारण शोधलं ते मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी. तेही याच आजाराने बेजार होते. त्यांनी स्वतःच्या शरीरावर एकेका संशयिताची परीक्षा घेतली. स्वतःची कातडी किंचित खरवडून त्यावर गवताचे ओले परागकण बांधले. काही मिनिटांत तिथे खाज सुटली आणि सूज आली. आज दवाखान्यात होणाऱ्या ॲलर्जी चाचणीची ही पहिली आवृत्ती. मग त्यांनी चिकट द्रव लावलेल्या काचा उघड्यावर ठेवल्या, त्यांवर बसलेले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली रोज मोजले आणि तो आकडा स्वतःच्या त्रासाशी ताडून पाहिला. उंचावरच्या हवेत काय आहे हे बघायला पतंग उडवून त्यांना काचा बांधल्या. १८७३ मध्ये हे सगळं ग्रंथरूपाने आलं. ब्लॅकली यांचं एक निरीक्षण आजही विचारात पाडतं: ज्यांच्या नाकात सर्वाधिक परागकण जातात त्या शेतकऱ्यांमध्ये हा आजार क्वचितच दिसतो.

‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी दिला. पण शरीरात नेमकं काय बिघडतं? १९२१ मध्ये कार्ल प्राउसनिट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर या दोन डॉक्टरांनी एक धाडसी प्रयोग केला. क्युस्टनरना मासे चालत नसत. त्यांच्या रक्तातला द्रव प्राउसनिट्झ यांनी आपल्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेवढीच जागा सुजली. म्हणजे ॲलर्जी रक्तातल्या कुठल्यातरी घटकातून दुसऱ्याला देता येते. तो घटक हाती यायला पुढे पंचेचाळीस वर्षं लागली, कारण रक्तात त्याचं प्रमाण फारच सूक्ष्म असतं. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने तो वेगळा केला; स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिक हेही दुसऱ्या वाटेने तिथेच पोहोचले. १९६८ मध्ये त्याचं नाव ठरलं इम्युनोग्लोब्युलिन ई, म्हणजेच आयजीई.

ॲलर्जी असलेल्या माणसाच्या शरीरात परागकणांतल्या किंवा धुळीतल्या एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाविरुद्ध हे आयजीई तयार होतं आणि नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतं. तेच प्रथिन पुन्हा आत आलं की पेशी हिस्टामिन हे रसायन ओततात आणि मिनिटांत शिंका, खाज, पाणी सुरू होतं. ही पहिली लाट. काही तासांनी दुसरी येते. इओसिनोफिलसारख्या पेशी तिथे गोळा होतात, अस्तर सुजतं आणि नाक चोंदतं. या दोन लाटा लक्षात ठेवल्या तर कुठलं औषध कुठे चालतं आणि कुठे चालत नाही, हे आपोआप उलगडतं.

आता चाचणीच्या खोलीत जाऊ. रुग्ण टेबलावर हात पालथा न ठेवता उताणा ठेवतो. मनगट आणि कोपर यांच्या मध्ये पेनाने ओळीने खुणा केल्या जातात आणि प्रत्येक खुणेशेजारी एकेका अर्काचा थेंब पडतो: धुळीतले माइट, झुरळ, बुरशी, गवताचे पराग. दोन थेंब मुद्दाम वेगळे असतात, एक हिस्टामिनचा आणि एक साध्या मिठाच्या पाण्याचा. प्रत्येक थेंबातून बारीक टोकाने कातडी अशी टोचतात की रक्त येऊ नये. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. हिस्टामिनच्या जागी गांध उठलीच पाहिजे. नाही उठली तर बहुधा रुग्णाने आधी ॲलर्जीची गोळी घेतलेली असते आणि सगळी चाचणी फुकट जाते. म्हणून त्या गोळ्या डॉक्टरांना विचारून साधारण आठवडाभर आधी बंद कराव्या लागतात. मिठाच्या पाण्याच्या जागेपेक्षा किमान तीन मिलिमीटर मोठी गांध उठली तर ती होकारार्थी धरतात.

पण होकारार्थी म्हणजे आजारी नव्हे. कातडीवर गांध उठते, पण त्या पदार्थाने आयुष्यात कधी शिंक आली नाही, अशी माणसं पुष्कळ असतात. शरीराने त्या प्रथिनाची ओळख ठेवली आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं. रक्तातलं एकूण आयजीई वाढलं म्हणजे ॲलर्जीच, हेही खरं नाही. आपल्याकडे पोटातल्या जंतांनीही ते वाढतं. त्वचेवर मोठा इसब असेल किंवा गोळ्या थांबवता येत नसतील, तर विशिष्ट पदार्थाविरुद्धचं आयजीई रक्तात मोजतात. ती चाचणी चांगली आहे, पण तिलाही हकीकतीची जोड लागते.

सर्वांत जास्त राग येतो तो खाण्याच्या पदार्थांच्या आयजीजी तपासण्यांचा. रक्ताचा एक नमुना द्या आणि शंभर-दोनशे पदार्थांची यादी मिळवा, अशा जाहिराती सर्रास दिसतात. आयजीजी हा आयजीईपेक्षा वेगळाच प्रतिपिंड आहे. आपण एखादा पदार्थ नेहमी खातो, याची ती खूण असते. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच स्पष्ट सांगितलं की अन्नाच्या ॲलर्जीचं निदान यावरून करू नये. तरीही या कागदाच्या भरवशावर वाढत्या वयाच्या मुलांचं दूध, गहू, अंडी बंद केली जातात, आणि मूल शिंकतच राहतं, कारण त्याचा आजार ताटात नसून गादीत असतो.

गादी हे शब्दशः घ्यावं. नेदरलँड्समधल्या लायडनच्या फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी १९६०च्या दशकात दाखवून दिलं की घरातल्या धुळीची ॲलर्जी ही मुख्यतः त्या धुळीतल्या माइटची असते. गोचिडीच्या कुळातला हा आठपायी जीव जेमतेम पाव ते एक तृतीयांश मिलिमीटरचा. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीवर तो जगतो, आणि पाणी पीत नाही. हवेतला ओलावा शोषून घेतो. म्हणूनच मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत त्याचं फावतं. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांनी, आणि उशीत डोकं खुपसून आपण रात्रभर तीच हुंगत असतो. सकाळी उठल्याबरोबरच्या शिंकांचं मूळ अनेकदा इथे असतं. चादरी आणि अभ्रे आठवड्याला साठ अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात धुतले तर माइट मरतात. मात्र घराच्या सफाईवरच सगळा भार टाकू नये. एवढ्या एकाच उपायाने आजार आटोक्यात येण्याची शक्यता कमी.

माइटच्या जोडीला पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि बुरशीचे बीजाणू वाढतात. पाऊस ओसरताना गाजर गवत फुलतं. हे तण १९५०च्या दशकात भारतात पहिल्यांदा पुण्यात नोंदलं गेलं. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत यादृच्छिक निवडलेल्या लोकांपैकी ७ टक्के जणांना त्याच्या परागकणांमुळे नाकाची ॲलर्जी असल्याचं आढळलं. हवेत कोणत्या वेळी काय तरंगतं, हे मोजण्याचं काम आपल्याकडे औरंगाबादला डॉ. एस. टी. टिळक यांनी केलं. १९७०च्या सुमारास त्यांनी बनवलेल्या यंत्रात हवा ओढली जाई आणि फिरत्या पिंपावरच्या चिकट फितीवर बीजाणू आणि पराग वेळेच्या क्रमाने चिकटत. मँचेस्टरमध्ये काचांवर सुरू झालेलं काम मराठवाड्यात अशा रीतीने पुढे गेलं, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

आता उपचार. ॲलर्जीच्या गोळ्या हिस्टामिनला अडवतात, म्हणजे पहिल्या लाटेवर काम करतात. चोंदलेल्या नाकावर त्यांचा जोर चालत नाही. त्यातही जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्या टाळाव्यात. ब्रिटनमध्ये सुमारे १८०० विद्यार्थ्यांच्या सराव परीक्षेची तुलना प्रत्यक्ष परीक्षेशी केली गेली; २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ॲलर्जीचा त्रास असलेल्यांचे गुण घसरण्याची शक्यता जास्त दिसली, आणि गुंगी आणणारी गोळी घेणाऱ्यांमध्ये ती आणखी जास्त. दहावी-बारावीच्या मुलांना क्लोरफेनिरामिन असलेली सर्दीची गोळी देण्याआधी आईवडिलांनी हे ध्यानात घ्यावं. मॉन्टेलुकास्ट या औषधाबद्दलही जपून राहावं. आपल्याकडे ते ॲलर्जीच्या गोळीत सर्रास मिसळलेलं असतं. मनःस्थितीवरच्या दुष्परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला आणि नाकाच्या ॲलर्जीत इतर औषधांनी भागत नसेल तरच ते द्यावं, असं सांगितलं.

दुसऱ्या लाटेवरचं खात्रीचं औषध म्हणजे स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे. ‘स्टेरॉइड’ ऐकताच माणसं बिचकतात. वर्षभर बेक्लोमेथासोन हे जुनं स्टेरॉइड फवारलेल्या मुलांची उंची ५ सेंटिमीटर वाढली, तर औषधाविना स्प्रे घेतलेल्यांची ५.९, हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला, तेव्हा भीती अगदीच निराधार नव्हती. पण त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात मोमेटासोनमुळे उंचीत फरक पडला नाही. मोमेटासोनसारख्या नव्या औषधांचा रक्तात उतरणारा अंश अत्यल्प असतो. स्प्रे फसतो तो बहुधा हाताळणीमुळे. डोकं किंचित पुढे झुकवायचं, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, टोक मधल्या पडद्यापासून दूर बाहेरच्या बाजूला ठेवून फवारायचं, जोरात ओढायचं नाही. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. तीन दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून बाटली टाकणाऱ्यांना तो येणार कसा? ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिनचे नाक मोकळं करणारे थेंब याच्या उलट: क्षणात आराम देतात, पण पाच-सात दिवसांपुढे चालू ठेवले तर त्यांच्यामुळेच नाक चोंदू लागतं.

आजाराची मूळ चाल बदलू शकणारा उपाय एकच, ॲलर्जीची लस. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातल्या लेनर्ड नून यांनी गवताच्या परागकणांचा अर्क अगदी थोडक्यापासून वाढवत टोचला आणि १९११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. परागकणांत विष असतं आणि शरीर त्यावर उतारा बनवतं, ही त्यांची समजूत चुकीची निघाली, पण पद्धत टिकली. नून क्षयाने १९१३ मध्ये गेले. काम सहकारी जॉन फ्रीमन यांनी पुढे नेलं. तीन-चार वर्षं लस घेऊन थांबलेल्यांना पुढची तीन वर्षंही आराम राहिला, हे स्टीफन ड्युरॅम आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं. २०१७ मध्ये दोनच वर्षं लस दिलेल्या रुग्णांची पाहणी झाली. बंद केल्यावर वर्षभरात त्यांचा फायदा उरला नव्हता. म्हणून अर्ध्यात सोडायची असेल तर सुरूच करू नये.

लस जपूनच द्यावी लागते. ब्रिटनमध्ये काही रुग्ण दगावल्यावर १९८६ मध्ये तिच्यावर कडक बंधनं आली. इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात थांबायचं, तिथे ॲड्रेनलिन तयार हवं, आणि दमा आटोक्यात नसेल तर ती घ्यायचीच नाही. लशीच्या जिभेखाली ठेवायच्या गोळ्या त्या मानाने सुरक्षित आहेत. माइटवरच्या अशा गोळीला अमेरिकेने २०१७ मध्ये मान्यता दिली. ज्या एक-दोन घटकांनी खरोखर त्रास होतो हे हकीकत आणि चाचणी दोन्हींतून पक्कं झालं, त्यांचीच लस घ्यावी. पंधरा अर्क एका बाटलीत घालून दिलेल्या मिश्रणाला पुराव्याचा आधार फारसा नाही, आणि त्यात प्रत्येकाची मात्रा पातळ होते ती वेगळीच.

तुम्हाला किंवा घरात कुणाला असा त्रास असेल, तर चाचणीची वेळ घेण्याआधी महिनाभर एक वही ठेवा. शिंका किती वाजता आल्या, कुठल्या खोलीत, पाऊस होता की ऊन, गावाला गेल्यावर बरं वाटलं का, शिंका जास्त की नाक चोंदणं, रात्री छातीतून आवाज येतो का. ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. तिच्याकडे न बघता कुणी थेट दोनशे पदार्थांची तपासणी लिहून दिली, तर ती करू नका. दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.