लक्सरला अडकलो तेव्हा



पेसाहच्या रात्री आपण दरवर्षी मिसर देशातून बाहेर पडल्याची गोष्ट सांगतो. आम्ही तर मिसरमधून खरोखरच घाईघाईने बाहेर पडलो. ती हकिगत आज लिहीत आहोत.

२०११ सालचा जानेवारी महिना. आम्ही तिघी एकाच इस्पितळात उभी हयात काढलेल्या नर्स, नुकत्याच निवृत्त झालेल्या. यजमान धरून सहा जण. आमच्या आयांनी कोकणात मिसरचं नाव फक्त पेसाहला ऐकलं, आपण एवढे शेजारी राहतो तर बघून तरी येऊ, असं ठरलं.

सोमवारी, २४ तारखेला, कैरोचं म्युझियम पाहिलं. ताहरीर चौकातली ती गुलाबी इमारत १९०२ साली उघडलेली. तिथे मर्नेप्ताह राजाची माणसापेक्षा उंच शिळा होती, सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीची. इस्राएल आता उरला नाही, अशी फुशारकी राजाने तीवर कोरून घेतली आहे. आमच्यातले एक भाऊजी म्हणाले, "आणि आपण सहा जण तिकीट काढून ते बघायला आलो!" आम्ही खूप हसलो.

त्याच दुपारी पिरॅमिड पाहिले. मुलांनो, पिरॅमिड आपल्या पूर्वजांनी बांधले असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. थोरला पिरॅमिड सुमारे ४,५०० वर्षांचा, मोशेच्या काळाच्या कितीतरी आधीचा. १९९० मध्ये तिथे जवळच कामगारांच्या कबरी सापडल्या. ते मिसरचेच लोक होते.

दुसऱ्या दिवशी, २५ जानेवारीला, चौकात सरकारविरुद्ध मोर्चे निघाले. राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक तीस वर्षं सत्तेवर होते, लोक कंटाळले होते. "दोन दिवसांत निवळेल," असं हॉटेलवाला म्हणाला. मोठं सामान त्याच्याकडे ठेवून आम्ही रात्रीच्या गाडीने लक्सरला निघालो.

कर्नाकचं मंदिर पाहून मान दुखायला लागली. एका दालनात १३४ खांब, मधले बारा तर २१ मीटर उंच. बाहेरच्या एका भिंतीवर शोशेंक राजाने जिंकलेल्या गावांची यादी आहे, तीत आपलं मेगिद्दो आहे. यरुशलेमवर चाल करून आलेला शास्त्रातला शिशक तो हाच, असं बहुतेक विद्वान मानतात. गुरुवारी तुतनखामेनची कबर पाहिली. नऊएक वर्षांचा असताना राजा झालेला पोर, विशीच्या आत गेला. त्या कबरीत उतरताना आमच्या मनात नातवंडंच येत होती.

शुक्रवारी सकाळी मोबाईल बंद, इंटरनेट बंद. संध्याकाळी देशभर संचारबंदी. खोलीचे पडदे ओढून आम्ही शब्बाथचे दिवे लावले. बाहेर घोषणा चालल्या होत्या. टीव्हीवर कैरो जळताना दिसलं. म्युझियमच्या शेजारची सरकारी पक्षाची कचेरी पेटली होती.

आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की भाऊजींचं जादा इन्सुलिन कैरोच्या हॉटेलातल्या फ्रिजमध्ये राहिलं! जवळचं रविवारपर्यंत जेमतेम पुरणार. तीन तीन नर्स बरोबर असून ही चूक. दुसऱ्याला आम्ही केवढं बोललो असतो!

रविवारी संचारबंदी उठल्यावर आम्ही तिघी रिकामं खोकं घेऊन निघालो. बँका बंद, दुकानांच्या फळ्या लागलेल्या. कुठल्या देशाच्या, असं टांगेवाल्याने विचारलं. आम्ही म्हटलं, "इंडिया." तो खूष! "अमिताभ बच्चन!" म्हणाला आणि एका उघड्या औषधाच्या दुकानाशी नेऊन सोडलं. खोटं नव्हतं ते, पण पुरतं खरंही नव्हतं. मनाला लागून राहिलं.

दुकानात साठीचा गृहस्थ होता. त्यालाही आम्ही इंडियाच सांगितलं. त्याने खोकं हातात घेतलं, फिरवलं आणि थांबला. त्यावर आपल्या कुपत होलीमची हिब्रू चिठ्ठी चिकटवलेली होती. आमच्या पोटात गोळाच आला.

तो काही बोलला नाही. नखाने ती चिठ्ठी हळूहळू सोलली, चुरगाळून खिशात टाकली. मग आतून इन्सुलिन आणलं, बर्फाच्या पिशवीत घातलं आणि वाजवी तेवढेच पैसे घेतले. निघताना मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "रस्त्यात खोकं दाखवू नका. पेशंट कसा आहे, उद्या येऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी सांगायला जाता आलं नाही. पहाटेच कैरोचं विमान मिळालं, मग विमानतळावर हजारो माणसांत एक रात्र जमिनीवर, आणि घर.

घरी आल्यावर कळलं की २८ तारखेच्या रात्री चोर म्युझियममध्ये शिरले होते. पन्नासच्या वर वस्तू गेल्या. पण त्याच रात्री साध्या लोकांनी हातात हात गुंफून म्युझियमभोवती साखळी धरली, म्हणून बाकीचं वाचलं. अखनातेन राजाचा चोरलेला एक पुतळा १६ वर्षांच्या मुलाला चौकात कचऱ्यापाशी सापडला. त्याच्या घरच्यांनी तो परत दिला. मुबारक ११ फेब्रुवारीला पायउतार झाले. तुतनखामेनचा खजिना आता गीझाच्या नव्या म्युझियममध्ये आहे, ते २०२५ च्या नोव्हेंबरात पुरतं उघडलं.

त्या वर्षी पेसाहला नातवाने विचारलं, "मिसरचे लोक वाईट होते ना?" आम्ही म्हटलं, फारो वाईट होता, ते विसरायचं नाही. आणि मग औषधवाल्याची गोष्ट सांगितली. तेव्हापासून दरवर्षी दोन्ही सांगतो.

भाऊजी त्यानंतर नऊ वर्षं जगले. त्या गृहस्थाचं नाव विचारायचं राहून गेलं, ही रुखरुख आजही आहे.

जाता जाता नर्सचा एक सल्ला: प्रवासात औषध दोन पिशव्यांत ठेवा, आणि दोन्ही जवळ बाळगा.

शालोम.