विजेचा ब्रश घरात आला, पण त्याची मुंडी कोण बदलणार?

लालबाग-परळच्या चाळींत, दादर-नायगावच्या खोल्यांत आणि गिरगावच्या जुन्या इमारतींतही मोरीवरच्या फळीवर आता एक नवी वस्तू दिसू लागली आहे. ती म्हणजे विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश. कुणाला तो दिवाळीला कंपनीकडून भेट मिळतो, कुणाचा भाऊ आखातातून आणतो, तर कुणा मुलाने पहिल्या पगारातून आईवडिलांसाठी घेतलेला असतो. वस्तू चांगली आहे. पण वर्ष उलटले तरी तिच्यावरची मुंडी तीच राहते. तंतू फाकतात, मुळाशी मळ साचतो, तरी "मशीन चालू आहे ना?" म्हणून तीच तोंडात जाते. दुकानदार या मुंडीला 'हेड' म्हणतात. आम्हीही तोच शब्द वापरू.

खरा हक्कदार कोण?

विजेचा ब्रश म्हणजे श्रीमंतांची चैन, असे पुष्कळांना वाटते. पण १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये 'ब्रॉक्सोडेंट' हा ब्रश निघाला, तो मुख्यतः ज्यांच्या हाताची हालचाल नीट होत नाही अशा रुग्णांसाठी आणि दातांना तारा लावलेल्यांसाठी. म्हणजे आपल्या घरात त्याचा पहिला हक्क गिरणीत साच्यावर उभे राहून हात झिजवलेल्या, आता हात थरथरणाऱ्या आजोबांचा आहे. लकव्याने एक बाजू गेलेल्या आजीचा आहे.

इतरांना फायदा नाही असे नव्हे. २०१४ साली 'कोक्रेन' या संस्थेने ५६ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. तीन महिन्यांहून अधिक वापरानंतर विजेच्या ब्रशाने दातांवरचा थर साध्या ब्रशापेक्षा २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी आढळली. फरक आहे, पण तो चमत्कार नव्हे. आणि फाकलेल्या हेडकडून तेवढ्याही फायद्याची अपेक्षा धरू नये.

कुठले हेड कुठे बसते?

येथेच पैसे वाया जातात. विजेचे ब्रश मुख्यतः दोन जातींचे. एकाचे हेड लहान, गोल असते आणि ते डावी-उजवीकडे अर्धवट फिरते. ओरल-बीचे बहुतेक ब्रश असे आहेत. दुसऱ्याचे हेड साध्या ब्रशासारखे लांबट असते आणि ते अतिशय वेगाने थरथरते. फिलिप्सचे सोनिकेअर या जातीचे. एका जातीचे हेड दुसऱ्या जातीच्या दांड्यावर बसत नाही. कंपनी एक असली तरी खात्री नाही. ओरल-बीच्या 'आयओ' मालिकेचे हेड जुन्या गोल फिरणाऱ्या दांड्यावर बसत नाही. फिलिप्सच्या जुन्या दांड्यांवर हेड पिळून बसवावे लागे, नव्यांवर ते नुसते दाबून बसते.

म्हणून दुकानात जाताना दांडा पिशवीत घालून न्यावा. निदान दांड्याच्या बुडाशी छापलेल्या मॉडेल नंबरचा मोबाईलवर फोटो काढावा आणि पाकिटावर ते नाव आहे का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. नवा ब्रश घेताना तर पहिला प्रश्न ब्रशाच्या किमतीचा विचारूच नये. "याचे हेड मिळते का, आणि केवढ्याला?" हा पहिला प्रश्न. काही स्वस्त ब्रशांचे हेड बदलताच येत नाही. तंतू झिजले की सगळा ब्रश कचऱ्यात.

निवड करताना

भगिनींनो, पाकिटावर 'सॉफ्ट' शब्द शोधा. कडक तंतूंनी दात जास्त स्वच्छ होतात हा गैरसमज आहे. त्यांनी हिरडी मागे सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडून थंड-गरम झोंबते. 'दात पांढरे करणारे', मधे रबराची वाटी असलेले महाग हेड रोजच्या सफाईला आवश्यक नाही. लहान मुलांसाठी लहान हेड वेगळे मिळते, त्यावर वय लिहिलेले असते.

मूळ कंपनीपेक्षा स्वस्त, इतरांनी बनवलेली हेडही बाजारात व मोबाईलवरून मिळतात. ती सगळीच वाईट असतात असे नाही, पण तपासून घ्यावीत. हेड दांड्यावर घट्ट बसले पाहिजे. हाताने हलवले तर डुगडुगता कामा नये. तंतू बोटाने ओढून पाहावेत, निघून आले तर ते हेड तोंडात घालू नये. ही भीती उगाच नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली 'स्पिनब्रश' या बॅटरीच्या ब्रशाबद्दल जाहीर इशारा दिला होता. वापरताना हेडचे भाग सुटून दात तुटण्याचा आणि घशात अडकण्याचा धोका त्यात सांगितला होता.

हिशेब मांडून पाहू

समजा, एक हेड २५० रुपयांना पडले. दर तीन महिन्यांनी एक, म्हणजे वर्षाला चार, माणशी १,००० रुपये. चौघांच्या घराला ४,०००. उलट ३० रुपयांचा साधा सॉफ्ट ब्रश वर्षातून चारदा बदलला तर माणशी १२०, चौघांचे ४८०. मग आजोबांना विजेचा आणि बाकी तिघांना साधा ब्रश दिला तर खर्च १,३६० रुपयांवर येतो. एवढा खर्च पेलणार नसेल तर विजेचा ब्रश बाजूला ठेवावा, त्यात कमीपणा काही नाही. दोन वेळा, दोन-दोन मिनिटे नीट घासलेला आणि वेळेवर बदललेला साधा ब्रश झिजलेल्या हेडच्या मशीनपेक्षा केव्हाही बरा.

दांडा एकच ठेवून घरात प्रत्येकाला वेगळे हेड देता येते. काही हेडच्या बुडाशी रंगीत कडे असते. नसेल तर रंगीत दोरा बांधावा. पण एकच हेड दोघांनी कधीही वापरू नये. हिरडीतून रक्त येते आणि रक्तातून काविळीची 'बी' जात पसरू शकते. वापरल्यावर हेड धुऊन, उभे ठेवून वाळवावे. पावसाळ्यात ते बंद टोपणात कोंडू नये. आठवड्यातून एकदा हेड काढून दांड्याच्या टोकाशी साचलेला मळ पुसावा. विजेचा ब्रश दाबून घासायचा नसतो, दातावर नुसता टेकवायचा असतो. महिन्याभरातच तंतू फाकले तर दाब जास्त पडतो आहे असे समजावे.

एक गोष्ट कोणताही ब्रश करू शकत नाही. आमच्या अनेक माता अजून मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दात स्वच्छ होत नाहीत, पण तोंडाच्या कर्करोगाची वाट मात्र मोकळी होते. त्याच रोगाशी झगडणारे टाटा रुग्णालय १९४१ पासून आपल्या परळमध्येच उभे आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दोन आठवड्यांहून जास्त राहिली तर ब्रश बदलत बसू नये, डॉक्टर गाठावा. मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे. महागड्या खाजगी दवाखान्याच्या भीतीने दुखणे अंगावर काढू नये.

आता राहिला प्रश्न आठवणीचा. काही हेडचे निळे तंतू फिके पडून बदलण्याची वेळ सांगतात, पण सर्वच हेडना ती सोय नसते. आम्ही सुचवतो ती युक्ती आपल्या घरांना सहज जमेल. भीमजयंतीचा १४ एप्रिल, धम्मदीक्षेचा १४ ऑक्टोबर आणि नामविस्ताराचा १४ जानेवारी कुणाला सांगावा लागत नाही. त्यांत १४ जुलै तेवढा लक्षात ठेवावा. बरोबर तीन-तीन महिन्यांचे अंतर होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर या चार तारखांना खूण करा आणि त्या दिवशी घरातला प्रत्येक ब्रश, साधा असो की विजेचा, उजेडात धरून पाहा आणि बदला.