गावातल्या शहीद जवानाची नोंद कुठे शोधाल?

पहिल्या महायुद्धात सुमारे ७४ हजार भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले. त्यांच्या नोंदी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात. नाव, पलटण, सैनिक क्रमांक, मृत्यूची तारीख. काही नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही.

बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूरकरांनी मात्र 'संग्रामपूर' टाकून थांबू नये. तेव्हा हा तालुकाच नव्हता. इथली गावं जळगाव तालुक्यात होती आणि तो तालुका १९०५ मध्ये अकोल्यातून बुलढाण्याकडे आला. म्हणून 'जळगाव', 'वऱ्हाड' हेही टाकून पाहा (खानदेशातलं जळगाव मध्ये येणारच!). जुन्या इंग्रजी कागदांत बुलढाण्याच्या स्पेलिंगमध्ये 'एच' नसतो. नावांची तर त्याहून मोडतोड. अशा वेळी पलटण ठाऊक असेल तर तिच्यावरून जाणं सोपं.

दगडावर नाव नाही म्हणून शोध सोडू नका. मेसोपोटेमियात पडलेल्यांसाठी उभारलेल्या बसरा स्मारकावर ब्रिटिशांची नावं कोरली, भारतीय अधिकाऱ्यांचीही. साध्या भारतीय शिपायांची फक्त पलटणवार संख्या. २०२१ मध्ये कमिशनच्या अहवालानेच हा भेदभाव मान्य केला.

स्वातंत्र्यानंतरच्या शहिदांसाठी दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक पाहावं. २५ फेब्रुवारी २०१९ ला ते खुलं झालं तेव्हा २५,९४२ नावं कोरलेली होती. ती ऑनलाइनही शोधता येतात. घरी जुनं पदक असेल तर त्याची कड नीट पाहा. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांवर क्रमांक, नाव आणि पलटण तिथंच कोरलेली असते.